वरच्या मजल्यावरची धपधप

लॉकडाऊन लागला आणि आईने लहानपणापासून मनात दडवलेली नाचाची हौस बाहेर काढली. सोफा भिंतीला सरकवून, मोबाइलचा आवाज मोठा करून ती रोज संध्याकाळी ऑनलाइन नाच शिकवणाऱ्या बाईंच्या तालावर नाचू लागली. घरभर नुसती धपधप!

आज बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, धापा टाकत, मास्कवरून डोळे वटारून उभे. आईचा चेहराच पडला.

"चुकलं हो, उद्यापासून बंद करते," ती कशीबशी म्हणाली.

"बंद? अहो, भलतंच काय!" काका केवढ्याने तरी ओरडले.


"फक्त ती शेवटची गिरकी जरा हळू घ्यायला सांगा बाईंना. खाली ती घेताना आम्ही दोघं नवरा-बायको रोज कपाटावर आदळतोय!"