ताईचा सूर्योदय

सूर्य पाठीमागून उगवला.

धाकटी कठडा घट्ट धरून समुद्राकडे बघत होती, आणि सूर्य तिच्या मागे, गाड्या लावायच्या जागेपलीकडच्या संडासावरून वर आला. कड्यावर ती, तिचा नवरा आणि एक झाडूवाली. बाकी चिटपाखरू नव्हतं.

"उगवायला तो तिकडं असतो, बाई," झाडूवाली म्हणाली. "इथं मावळताना बघतात. संध्याकाळी या."

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो म्हणाला, "नंबर बरोबर आहे गं, दिशा चुकली." धाकटीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं स्वतःचाच चष्मा काढून पुसायला घेतला.

संध्याकाळी दोघं पुन्हा आली. आता पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो फोन उंच धरून उभा. धाकटीला एका दांडग्या माणसाचं कोपर दिसलं आणि कोपराखालून, धुरकट ढगात शिरणारं काहीतरी पिवळट. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. जसा काही सूर्य आज पहिल्यांदाच मावळला होता.

याच्यासाठी तिनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं! आणि याच्यासाठी त्यानं ऐन गर्दीच्या दिवसांत दुकान बंद ठेवलं होतं.

सगळं ताईमुळे. बाबा घड्याळजी. थोरलीच्या लग्नात त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जावयाच्या हातात या सहलीची तिकिटं ठेवली. धाकटीच्या लग्नापर्यंत गाठीला काही उरलं नाही, तिला मिक्सर मिळाला. तिला समुद्र, मला मिक्सर. हा हिशेब धाकटीनं कधी मिटवलाच नाही. बटण दाबलं की मिक्सर घरघरायचा आणि त्याच्या जोडीला तीही. ताई मात्र बाबांनी विचारलं की दर वेळी तेच सांगायची. पाण्यातून वर येणारा तांबडा गोळा, समोरून गेलेली होडी, अंगावर उठलेला काटा. बाबा डोळे मिटून ऐकायचे. भाऊजी शेजारून मान डोलवायचे.

पाण्यातून म्हणे! सहलीच्या जाहिरातीतल्या फोटोत उगवता काय नि मावळता काय, सूर्य सारखाच. म्हणून इतकी वर्षं खपून गेलं.

परतीच्या वाटेवर धाकटीनं वाक्य घोटून ठेवलं. 'बाबा, तिथं सूर्य उगवतच नाही. विचारा तुमच्या लाडकीला.' नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

रविवारी बाबा थोरलीकडे जेवायला असायचे. धाकटी बाहेरच्या खोलीत कुणाशी न बोलता तडक स्वयंपाकघरात गेली.

"थापाडी आहेस तू, ताई. तिथं समुद्र पश्चिमेला आहे. कुठला सूर्योदय बघितलास गं तू?"

ताईची सुरी टोमॅटोवर थांबली.

"हळू बोल. बाबा बाहेर आहेत."

"ऐकू देत ना! त्यांनाही कळू दे."

"तिकिटं यांनी त्याच आठवड्यात परत केली," ताई म्हणाली. "मोटरसायकल घ्यायची होती यांना."



"मग तुम्ही दोघं गेला होतात कुठं?"

"मी नणंदेकडे. तिचं बाळंतपण होतं आणि भांड्यांना बाई मिळत नव्हती. हे मित्रांबरोबर नव्या गाडीवर." ताईनं टोमॅटो चिरायला घेतला. "परत आले तर बाबा दारातच उभे. काय सांगणार होते मी? होडी मनाची घातली. सूर्योदय तेवढा खरा. नणंदेच्या मोरीची खिडकी पूर्वेला होती."

धाकटी वळली. घोटलेलं वाक्य अजून जिभेवर होतं. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा खुर्चीच्या कडेवर जीव मुठीत धरून बसला होता. भाऊजी पाय लांब करून सोफ्यावर.

"या, मेहुणीबाई!" भाऊजी हसले. "बघितलात ना आमचा सूर्योदय? आम्ही तर तुमच्या ताईला लग्नानंतर लगेच दाखवला. नवऱ्यात तेवढी धमक लागते."

बाबा पुढे सरकून बसले. "कसा होता गं?"

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे आधीच मिटले होते.

"ताई सांगते ना, बाबा, अगदी तस्साच," ती म्हणाली. मग भाऊजींकडे वळली. दात-ओठ खात, पण गोड आवाजात विचारलं, "होडी कुठल्या बाजूनं आली होती हो, भाऊजी? तुम्ही तर ताईच्या शेजारीच उभे होतात."

भाऊजींनी पाय जवळ घेतले. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग त्यांना एकाएकी फोन आला आणि ते तो घ्यायला गॅलरीत गेले. फोन वाजला मात्र नव्हता.

"तुझ्या वेळेला हात आखडला होता गं माझा," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "तिला एवढी सहल दिली आणि तुझी नुसत्या मिक्सरवर बोळवण केली. मनाला लागून राहिलंय ते."

आतून सुरीचा आवाज येईनासा झाला.

"मिक्सर अजून चालतोय, बाबा," धाकटी म्हणाली.