दुसरा बोर्ड

"सुहासिनी, हे अनंत करेल. तू राहू दे," प्रभाकरसर म्हणाले.

"प्रोग्रॅम माझा आहे, सर. मीच मोडते." तिने प्रिंटआऊटचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

ब्याऐंशी साल. चिंचवडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सहा माणसं मिळून चक्क कॉम्प्युटर बनवत होती. बाकीच्या प्रोग्रॅमना मेमरीत जागा वाटून देणारा भाग सुहासिनीने लिहिला होता. त्याच्याकडे जागा मागताना दोन गोष्टी सांगाव्या लागत: किती हवी, आणि मेमरीच्या कुठल्या बोर्डावरची, पहिल्या की दुसऱ्या. पण दुसरा बोर्ड झालाच नव्हता. तो भीमराज बनवत होता. मार्गशीर्षात सुहासिनीशी लग्न करणार होता, आणि दिवाळीच्या आधीच काविळीने गेला. कंपनीने त्या बोर्डाचा नाद सोडला. आता जो तो प्रोग्रॅम मुकाट्याने 'पहिला' म्हणत होता. मग विचारायचं तरी कशाला? एकच गोष्ट सांगा, किती हवी, आणि मोकळे व्हा. सरांचं म्हणणं बिनतोड होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

लाल पेन्सिलीने ती एकेक 'पहिला' खोडत गेली. एका पानावर मात्र 'दुसरा' होतं. भीमराजने बोर्ड तपासायला लिहून ठेवलेला छोटासा प्रोग्रॅम. बोर्डाचा पत्ता नाही आणि तपासणी तयार, म्हणून सगळ्यांनी त्याची टर उडवली होती. "घोडं सांगून ठेवलंय, राव. नवरदेव येतोय की मागून," असं म्हणून तो आपला बोर्डावर सोल्डरचे डाग देत बसला होता.

सुहासिनीने ते अख्खं पान खोडलं.

दुपारी बदललेला प्रोग्रॅम मशीनवर चढवला. छपाई, पगारपत्रक, स्टोअरचा हिशेब, सगळं तिने ओळीने चालवून पाहिलं. सर मागे येऊन उभे राहिले.

"कुठे अडतंय का गं?"

"नाही."

"वा! आपण उगाच धास्तावलो होतो."

तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवायला घेतलं. मग तिसऱ्यांदा.

"अगं, चालतंय ना?"

"चालतंय हो," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "एक तरी अडायला हवं होतं ना, सर?"