बेचा पाढा

पहिलीतल्या पोरानं हाताची घडी घातली, मान वर केली आणि बेच्या पाढ्याच्या चालीत समोरच्या टीमच्या आईबहिणींचा उद्धार केला. एक शब्द चुकला नाही.

वर्गात हशा पिकला. बाईंना शिसारी आली. अजून दुधाचे दात पडायचेत आणि तोंडाचं गटार झालेलं! उद्या फुटबॉलची फायनल म्हणून कोल्हापुरात गल्लोगल्ली झेंडे लागले होते, ते ठीक. पण हा खेळ म्हणायचा की उकिरडा? चार इयत्ता एका खोलीत, त्यात रविवारपासून घसा बसलेला, म्हणून बाईंनी धाकट्यांचे पाढे मोठ्यांवर सोपवले होते. त्याचं हे फळ!

"कुणी शिकवलं रे हे?" त्या घोगऱ्या आवाजात खेकसल्या.

पोरानं दुसरीतल्या भावाकडं बोट दाखवलं, भावानं तिसरीतल्या मित्राकडं, आणि मित्रानं चौथीतल्या दोन वेण्यांच्या पोरीकडं.

"तू? पोरीच्या जातीला शोभतं का असलं घाण बोलणं? कुठल्या मवाल्याकडनं ऐकलंस?"

पोरगी गोंधळून उभी राहिली. "मवाली न्हाई, बाई. रविवारी सेमीफायनलला गॅलरीत आम्ही तुमच्या मागंच बसलो होतो की. आपल्या प्लेअरला पाडल्यावर तुम्ही उठून दोन्ही हात वर करून..."

बाईंना 'गप, खाली बस' म्हणायचं होतं. रविवारपासून बसलेल्या घशातून आवाजच निघेना.