नको म्हणालास ते

नाताळच्या सुट्टीला आशिष पुण्याहून सोलापूरला आला. मनोरमाबाईंनी चार दिवस खपून केलेल्या करंज्या आणि बेकरीतनं भाजून आणलेला केक त्याच्यापुढं ठेवला. तो ताटाला हात लावेना.

"भूक नाही गं आई."

"सकाळी बी हेच म्हणलास. पुण्यात राहून आईच्या हातचं आवडंना व्हय?"

"डाएट करतोय."

डाएट कसलं, पोराची गालफडं बसली होती. बाईंनी रागानं त्याचा हात ओढला आणि तळव्यावर करंजी ठेवली. पण मग त्यांना तो हात सोडवेना. शुगर तपासायला सुई टोचल्याचे बारीक ठिपके त्याच्या बोटांवर होते. गेलेल्या नवऱ्याच्या बोटांवर त्यांनी ते वर्षानुवर्षं पाहिले होते.

"कधीपासनं?"

"पावसाळ्यापासनं. सणाच्या तोंडावर तुला कसं सांगू?"

बाईंनी करंजी उचलून घेतली. आत जाऊन ज्वारीची भाकरी थापली, मेथी परतली आणि दोघांत एकच ताट घेऊन त्याच्याशेजारी बसल्या.

"तुझे पप्पा माझ्या हातचं कधीच नको म्हणाले नाहीत," त्या म्हणाल्या. "तू म्हणालास, लई बरं केलंस."