पिठातली आत्याबाई

पोरगी आत गेली तशी बापाने दार लावून बाहेरून कडी घातली.

"बाबा! कडी कशाला?"

"तू पळून येशील म्हणून."

बेकरीमागचं मैद्याचं कोठार. पोत्यांच्या थप्पीत साप शिरलाय, असा बेकरीवाल्याचा फोन आला होता. साप धरणं हा बापाचा धंदा. पोरगी सतरा वर्षांची, आणि जमिनीवर पडलेली दोरी बघूनही दचकणारी.

तिला केक शिकायचे होते. "खुशाल शीक," बाप म्हणाला होता, "पण आधी एक साप धरून दाखव. अशी भित्री राहिलीस तर भट्टीसमोरसुद्धा उभी राहणार नाहीस."

आत उंदीर पळाले. मग एक डबा घरंगळला. मग फूत्कार.

"बाबा, माझे पायच हलत नाहीयेत."

"हलवायचे नसतातच. पिशवीला लावलेला पाइप पुढे सरकव. अंधार दिसला की तो आपणहून शिरेल."

"कुठला आहे तेच कळत नाहीये. पिठाने पांढराफटक झालाय."

एरवी 'आधी ओळख, मग हात' हा त्याचाच धडा. आज मात्र तो मिशीत हसला. "शेपूट कुठे ते दिसतंय ना? पुरे."

आत हुंदका. मग काहीच नाही.

बापाने दाराला कान लावला. हसू जरा उतरलं.

"अगं ए?"

त्याचा हात कडीवर गेला.

"काढा कडी."

ती बाहेर आली. भुवयांपर्यंत पीठ, त्यात आसवांचे ओघळ. तोंड बांधलेली पिशवी हात लांब करून धरलेली.

"धरला. आता मी केक शिकणार."

बाप पायरीवर बसून पोट धरून हसायला लागला. "शीक, बाई, शीक! अगं येडे, साप कसला? ही आपली आत्याबाई! आपल्या पेटीतली म्हातारी धामण. कालच बेकरीवाल्याकडे दिली होती, इथे सोडायला. तुझी भीती मोडायची होती ना!"

पोरगी हसली नाही.

"आत्याबाई कधी फुसकारत नाही, बाबा."

"तूच घाबरवलंस बिचारीला."

त्याने गाठ सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. "ये गं म्हातारे, ये. दमलीस ना?"

तेवढ्यात स्कूटर येऊन थांबली. बेकरीवाला खाली मान घालून उतरला. डिकी उघडून त्याने एक पिशवी दोन बोटांत उचलली.

"दादा, रागावू नका. ठरल्याप्रमाणे फोन केला, पण गाठ सोडायचा धीरच झाला नाही. ही घ्या तुमची आत्याबाई."