तहान लागेल त्याच्याकडे

पाण्याचा गोळा सकाळपासून तानूबाईंच्या तोंडापुढे तरंगत होता.

“माझ्या मागे काय लागलायस? त्यांच्याकडे जा की!” बेशुद्ध नवऱ्याकडे बोट दाखवत त्या त्याला हाकलत होत्या.

“मावशी, तहान लागेल त्याच्याकडेच जातो तो,” सिस्टर म्हणाली.

सरकारी इस्पितळाने गळके नळ दुरुस्त करायला डिझाइन कंपनी बोलावली होती. तिने नळच काढून टाकले. आता वॉर्डभर असे गोळे संथ फिरत. संडासाला तहान लागत नसल्याने तिथे अजून बादलीच होती.

“मग ह्यांना तहान कधी लागायची?”

“शुद्धीवर येताना.”

दुपारी गोळा अचानक वळला आणि नवऱ्याच्या कोरड्या ओठांशी थरथरत थांबला.

“सिस्टर! ह्यांना तहान लागली!”

मग मागून आलेला दुसरा गोळा तानूबाईंनी घटाघटा पिऊन टाकला.