आतली कडी

सुताराने स्वतःच्याच बाथरूमची आतली कडी काढायला घेतली, तेव्हा त्याची आई चष्मा पुसत येऊन उभी राहिली. चांगली कडी का काढतोस, म्हणाली. लाकूड फुगलंय, कडी बसत नाही, असं त्याने ठोकून दिलं. म्हातारीचा नवराही सुतारच होता. लाकूड फुगलं की रंधा मारतात, कडी काढत नाहीत, एवढं तिला कळत होतं. तुझ्या वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला असता, असं पुटपुटत ती समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.

बायको मात्र शेजारी उभी राहून एकेक स्क्रू हातात घेत होती. कडी काढायचं दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. सकाळ झाली की हा फोन घेऊन आत जायचा, कडी लावायचा, नळ सोडायचा आणि फोनवर उघड्यानागड्या बायका बघत बसायचा. बाहेरून ती विचारायची, काय करताय आत? आतून उत्तर यायचं, काही नाही, आलोच. कामाला उशीर व्हायचा, गिऱ्हाइकं शिव्या घालायची, आणि ही जवळ आली की तो भिंतीकडे तोंड करायचा. सोडतो म्हणून त्याने कितीदा कानाला खडा लावला होता. सुटत नव्हतं. हात आपोआप जातो गं, असं एकदा तो रडत म्हणाला होता, आणि ते नाटक नव्हतं.

"आता हे शेवटचं," ती हळू आवाजात म्हणाली. "पुन्हा झालं तर मी भावाकडे जाईन. न्यायला येऊ नका."

त्याने मान हलवली. स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवली, पॉलिशपेपर मारला. काम असं साफ केलं की इथे कधी कडी होती हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. फोन आता तिच्याकडे राहणार होता. गिऱ्हाइकाचा फोन आला की तिच्यासमोर बोलायचं आणि लगेच परत द्यायचा.

एक गोष्ट मात्र दोघांच्या ध्यानात आली नाही, आणि सुताराच्या तरी यायला हवी होती. ते दार त्यानेच बसवलेलं. चौकट पुढे जराशी कललेली, त्यामुळे कडी नसली की दार आपलं आपण बाहेर उघडायचं.

हे कळलं बायको अंघोळीला निघाली तेव्हा. फोन तिने टॉवेलात गुंडाळून आत नेला. बाहेर ठेवून कसं चालेल? तिने दार ओढलं, ते उघडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. समोर सासू बघतेय. शेवटी तो म्हणाला, तू जा, मी धरतो, आणि बाहेरून दाराला पाठ लावून खाली बसला.

"छान," आई म्हणाली. "कडी काढलीस आणि तिच्या जागी स्वतः बसलास."

आत नळ सुरू झाला. सांगायला लाज वाटावी, पण त्याच्या मनात पहिल्यांदा फोनच आला. टॉवेलात असेल, खुंटीवर. स्वतःचीच किळस आली त्याला, तरी कान आतच लागलेले.

मग त्याच्या लक्षात आलं, पाणी बादलीत पडत नाहीये. नळ नुसताच फरशीवर वाहतोय. हा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तोही असाच नळ सोडायचा. त्याने कान दाराला लावला. पाण्याच्या आड हुंदके होते, तोंडावर हात दाबून दिलेले, सरावाचे. आज पहिल्यांदा रडणारं माणूस असं रडत नाही. इतके दिवस तिलाही तीच कडी लागत होती.

"काय करतेस आत?" त्याने विचारलं.

हुंदका थांबला. नळ तसाच चालू राहिला.

"काही नाही," ती म्हणाली. "आलेच."

आत जावं, तिला जवळ घ्यावं असं त्याला फार वाटलं. पण तो उठला असता तर दार उघडलं असतं, आणि समोर आई बसली होती. त्याने पाय ताणले आणि पाठ दाराला आणखी घट्ट लावली.